परक्यासारखे की सौजन्याने

"या घरात चमचे कुठे ठेवतात, कुणास ठाऊक," असं कुणीतरी अगदी माझ्या कानाशी पुटपुटलं.

कुणीतरी म्हणजे आमचे हे. आमचं स्वयंपाकघर इतकं अरुंद आहे की एकाने स्वतःशी केलेली कुरकूर दुसऱ्याच्या कानातच पडते, तिला आणखी कुठे जायला जागा नसते. मी ओट्याच्या टोकाशी लॅपटॉप मांडून उभी होते आणि हे माझ्या पाठीमागे एकेक खण उघडून, आत डोकावून, पुन्हा अलगद लावत होते. मी ते साहजिकच टोमणा म्हणून घेतलं. संसारात मुरलेली बाई कुठलंही वाक्य आधी टोमणा म्हणून घेते, अर्थ सवडीने बघते. म्हटलं, लग्न झाल्यापासून ठेवतात तिथेच. त्यावर ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी बोटाने दाखवलेल्या खणातून चमचा घेतला, "आभारी आहे" म्हणाले आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

आमच्या घरात आभार कुणी मानत नाही. आभार समारंभात मानतात, तेही लोक चपला शोधायला लागल्यावर. पण त्या वेळी मला असल्या गोष्टींकडे बघायला फुरसत नव्हती. मी एका मोठ्या औषध कंपनीशी लढत होते.

इंटरनेटवर एक फुकटचा ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, अशी रीत. जगाचं ज्ञान असं चव्हाट्यावर मांडलेलं पाहून मी पहिल्यांदा दचकले होते; मग त्यात शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या आणि एकदम घरचं वाटायला लागलं. त्यातले औषधांचे लेख मी सांभाळते. पगार नाही, खुर्ची नाही, आणि नणंदेच्या मते अक्कलही नाही. औषधांबद्दल मी जे काही शिकले ते गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या पातळ कागदांवरून. लोक कागद फेकतात आणि गोळी खातात. मी कागद आधी वाचते, आणि मग बहुतेक वेळा गोळी खायची हिंमत राहत नाही. नाव नोंदवताना सदस्यनाव काय हवं असं विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाची गाळणी होती, म्हणून तिथे मी 'गाळणी' या नावाने वावरते.

कंपनीच्या नोकराने स्वतःच्या कंपनीच्या औषधावरच्या लेखाला हात लावायचा नाही, हा तिथला मोठा नियम. काही बदलून हवं असेल तर त्याने लेखामागच्या चर्चापानावर यायचं, मी अमक्या कंपनीचा माणूस आहे हे कबूल करायचं आणि विनंती करायची. मग एखाद्या तटस्थ स्वयंसेवकाने विचार करून ती मान्य करायची किंवा फेटाळायची. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. माझे पाय कुठे होते ते पुढे येईलच.

ज्या औषधाची ही गोष्ट, त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर या गोष्टीवरही विनंती येईल. भोवळ येणाऱ्यांना देतात ती एक पिवळी गोळी, एवढं पुरे. आमचे हे ती घेतात. ह्यांनी छापखान्यात जन्मभर मान खाली घालून मुद्रितं तपासली. निवृत्त होऊन मान वर केली तर जग गरगर फिरायला लागलं. डॉक्टरांनी पिवळी दिली, जग थांबलं. मी कृतज्ञतेपोटी त्या गोळीचा लेख सांभाळायला घेतला, आणि तिथेच नडलं.

कंपनीच्या माणसाचं सदस्यनाव 'कंपनीतर्फे' असं होतं. मी त्याला मनात नुसतं तर्फे म्हणत असे. तर्फे फार सभ्य. 'आदरणीय गाळणी महोदय' अशी सुरुवात करायचा आणि खाली आदबीने एखादा शब्द बदलून मागायचा. 'मळमळ' ऐवजी 'पोटात सौम्य जाणीव' करावे. 'बद्धकोष्ठ' ऐवजी 'पचनसंस्थेस विश्रांती' करावे. 'तोल जाऊन पडणे' ऐवजी 'अनपेक्षित आसनबदल'. मी दर वेळी नियम दाखवून नाही म्हणायची आणि तो दर वेळी 'आपल्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहोत' असं लिहून जायचा. खरं सांगते, मला त्याची सवय झाली होती. या वयात इतक्या नेमाने आपलं मत कोण विचारतं?

मग एके सकाळी त्याचं बोट शेवटच्या वाक्यावर आलं. दुष्परिणामांच्या रांगेत सगळ्यात खाली कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं: 'काही रुग्ण घरच्या माणसांशी परक्यासारखे वागतात.' कुणी लिहिलं ते कळायला मार्ग नाही. नाव न सांगता आलेला कुणी वाटसरू एवढी एक ओळ ठेवून गेला होता. शेजारी बारीक अक्षरात आमचा नेहमीचा शेरा: 'संदर्भ हवा.' तर्फेची विनंती अशी की 'परक्यासारखे' ऐवजी 'अधिक सौजन्याने' करावे.

मला हसू आवरेना. दुष्परिणामाचा गुणच करून टाकला की गड्याने. उद्या म्हणेल घोरण्याला गायन म्हणा.

"इतकं हसण्यासारखं काय आहे, विचारू का, वहिनी?" दारातून हे म्हणाले.

माझं हसू होतं तसंच तोंडावर राहिलं. ते पुसायचं कसं हे सुचेना.

मराठीत नवऱ्याने बायकोला काय म्हणावं याला फारसा वाव नाही. 'अगं' म्हणतात, रागात 'ऐकू येतंय का' म्हणतात, चारचौघांत 'ही' म्हणतात. आमच्या ह्यांचं 'अगं' तर छपाईयंत्रासारखं होतं, दिवसभर चालू. त्यात चष्मा, टॉवेल, किल्ली, सगळं छापून निघायचं. 'वहिनी' त्यात कधीच नव्हतं. वहिनी ही दुसऱ्याची बायको असते.

मी हे धाकट्या नणंदेला फोनवर हसत हसत सांगितलं. हसत सांगितलं की गोष्ट लहान होते. ती म्हणाली, मी तुला वहिनी म्हणते ना, कानावर पडून लागली असेल दादाला सवय. मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र आठवलं की ती मला हे वर्षानुवर्षं म्हणत आलीय, आणि सवय आत्ता कशी लागली?

त्यानंतर मी बघायला लागले, आणि एकदा बघायला लागलं की सुटका नसते. हे आमच्याच खोलीत शिरताना बाहेर थांबून दारावर दोन बोटं वाजवत. खुर्चीच्या काठावर बसत, पाठ न टेकता, कुणीतरी केव्हाही उठा म्हणेल अशा बेताने. सकाळी पांघरुणाची घडी करून उशाशी ठेवत, वर चष्म्याचं घर, वर वर्तमानपत्र. जणू सामान एका जागी असलेलं बरं. चपला दाराशी, तोंडं बाहेर. एकदा दिवेलागणीला मी बाजारातून आले तर हे अंधारात बसलेले. दिवा का नाही लावला म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणी लावा म्हणालं नाही."

घरही हळू बोलायला लागलं होतं. पाहुणा आला की भांडी जपून ठेवतो ना आपण, तशी मी भांडी जपून ठेवायला लागले. 'अगं' नसलेल्या घरात फ्रिजचा आवाज किती मोठा येतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

आणि तरी, ही गंमत बघा, सगळे खूश. नणंद म्हणाली, दादा किती गोड बोलायला लागलाय. खालचा दुकानदार म्हणाला, साहेब आता भाव करत नाहीत, नमस्कार करतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त वजनमापे निरीक्षक राहतात. त्यांना सगळी इमारत 'वजनमापे' म्हणूनच ओळखते, त्यांची बायकोसुद्धा. ते म्हणाले, निवृत्तीने माणूस मऊ होतो, माझंच बघा. त्यांच्या बायकोने तेव्हा छताकडे बघितलं. थोडक्यात, तर्फेने मागितलेला बदल आम्ही सगळ्यांनी घरात आधीच करून टाकला होता. 'परक्यासारखे' खोडून 'अधिक सौजन्याने'. चर्चासुद्धा न करता.

आता माझं दुखणं नीट सांगते. ते वाक्य खरं असेल, तर हे सगळं त्या पिवळीचं काम. गोळी बंद केली की 'अगं' परत येईल, चष्मा टॉवेल किल्लीसकट. आणि वाक्य खोटं असेल, कंपनी बरोबर असेल, तर मग हे कशामुळे? तो प्रश्न मी एका खणात घातला आणि खण लावून घेतला. माझ्याइतकं त्या औषधाचं वाईट चिंतणारी बाई त्या दिवसांत जगात दुसरी नसेल. आणि मी तिथली तटस्थ स्वयंसेवक.

डॉक्टरांना विचारायचं, हे कुणालाही सुचेल. ह्यांना घेऊन गेलेही होते. डॉक्टरांच्या खोलीत हे टेचात बसले, भोवळ नाही म्हणाले, झोप छान म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, घरी कसं काय? तर माझ्याकडे हात करून म्हणाले, "यांच्याकडे फार उत्तम व्यवस्था आहे." डॉक्टर खो खो हसले, म्हणाले, तुम्ही तर जावयासारखे राहताय. मीही हसले. हेही हसले, जरा उशिराने, आम्ही दोघं हसतोय ते बघून. बाहेर पडताना डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मी म्हटलं, ती गोळी जेवणाआधी की नंतर? ते मला पाठ होतं. लेखात मीच लिहिलंय.

तेव्हा मी ठरवलं, की जे विचारायचं ते ज्ञानकोशालाच विचारावं. तिथे माणसाचा चेहरा दिसत नाही.

ज्ञानकोशावर आमचे एक ज्येष्ठ आहेत. त्यांना मी नियमकाका म्हणते, कारण ते नियमांच्या क्रमांकातच बोलतात. नमस्कारालासुद्धा त्यांच्याकडे क्रमांक असावा. मी त्यांना कळवलं की 'परक्यासारखे' हा शब्द मला राहू द्यायचाय. त्यांनी विचारलं, पुरावा? मी म्हटलं, असं घडतं हे मला माहीत आहे. त्यांनी लिहिलं की संपादकाला माहीत असणं हा संदर्भ नव्हे, छापील आणि विश्वासार्ह आधार आणावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण तिथे चालत नाही. तिथे कांकण नसलं तरी भागतं, आरसा लागतो. मग त्यांनी शिरस्त्याप्रमाणे पुढचा प्रश्न टाकला: या विषयात आपला काही हितसंबंध आहे का? असल्यास जाहीर करावा.

मी उत्तराच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. पलीकडच्या खोलीत हे कुणाशीतरी बोलत होते. जाऊन पाहिलं तर आरशासमोर उभे होते आणि "आपणही इथेच उतरलात का?" असं विचारत होते. मी परत आले आणि चौकोनात 'नाही' लिहिलं.

मग संदर्भाची शोधाशोध. पिवळीच्या खोक्यातले जुने कागद मी जपून ठेवले होते. वजनमापे भिंग घेऊन आले आणि आम्ही दोघं टेबलावर वाकलो. कंपनीचा कागद दर वर्षी आखूड होत गेला होता. सगळ्यात जुन्यात शेवटी 'इतर' असा शब्द होता आणि पुढे नुसता पूर्णविराम. वजनमाप्यांनी त्या पूर्णविरामाकडे बराच वेळ भिंगातून बघितलं आणि जाहीर केलं की यात काहीतरी दडवलंय. मग ते वर जाऊन सोनाराच्या तागडीसारखी एक नाजूक तागडी घेऊन आले, प्रत्येक गोळी जोखली, आणि म्हणाले, वजन चोख आहे. म्हणजे दोष गोळीत नाही? मी विचारलं. ते म्हणाले, मी वजनाचं सांगितलं, गुणाचं खातं वेगळं असतं. सरकारी नोकरीत माणसाला असं बोलायची कला येते.

जाता जाता त्यांनीच एक सल्ला दिला, दारात, आवाज खाली आणून. काही दिवस बंद करून बघा. त्यांना कळू देऊ नका.

ज्या लेखात 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये' हे वाक्य मी स्वतः जाड अक्षरात केलं, त्याच लेखाच्या रखवालदाराने दुसऱ्या दिवशी डबीत पिवळ्या पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या. हे एक गोळी तोंडात टाकून म्हणाले, "यांच्याकडचं औषधसुद्धा चवदार आहे." मी प्रत्येक हाकेला कान देऊन बसले. आज म्हणतील अगं. उद्या म्हणतील.

झालं ते वेगळंच. मधल्या एका दुपारी न्हाणीघराशी जग पुन्हा फिरायला लागलं, ह्यांनी आधाराला कपडे वाळत घालायचा स्टँड धरला आणि स्टँडसकट खाली आले. मी धावले. आवाज ऐकून वजनमापेही वरून धावले आणि साबणाच्या पाण्यावरून घसरून त्यांचाही अनपेक्षित आसनबदल झाला. दोन वयस्क गृहस्थ ओल्या चादरीखाली, आणि चादरीच्या आतून ह्यांचा शांत आवाज: "क्षमा करा. आपले धुतलेले कपडे मळले."

खरचटण्यावर निभावलं. मी पेपरमिंट फेकलं आणि पिवळी परत सुरू केली. त्या सगळ्या दिवसांत 'अगं' एकदाही आलं नव्हतं. कमरेला शेक घेत घेत वजनमापे म्हणाले, औषध अंगातून उतरायला वेळ लागतो, इतक्यात काही सिद्ध होत नाही. या वाक्यालाही संदर्भ नव्हता. मी मागितला नाही.

इकडे चर्चापानावर विचित्र काहीतरी व्हायला लागलं. तर्फे आला आणि लिहून गेला: 'आदरणीय गाळणी महोदय, आपला परिचय प्रथमच होत आहे.' आणि खाली तीच विनंती, जणू आधी कधी केलीच नव्हती. मी लिहिलं, अहो, मळमळीवरून आपण किती वाद घातला, बद्धकोष्ठावरून तुम्ही नाराज झालात, ते तुम्हीच ना? उत्तर आलं: 'आम्ही तेच आहोत.' दोन दिवसांनी पुन्हा: 'आपला परिचय प्रथमच होत आहे.' नियमकाकांनी खुलासा केला की कंपनीतली पुष्कळ माणसं एकच नाव आळीपाळीने वापरत असावीत. ते नियमाविरुद्ध आहे, पण त्याची तक्रार वेगळ्या पानावर करायची आणि ते पान सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. खुलासा बरोबरच असणार. पण घरात एक आणि पडद्यावर एक, असे दोन दोन सभ्य गृहस्थ रोज नव्याने ओळख करून घ्यायला लागले, की बाईला स्वतःचा चेहरा चाचपून बघावासा वाटतो.

आणि मग त्या ओळी आल्या. नाव नाही, गाव नाही. पहिली होती: 'आमच्याकडे दार वाजवून आत येतात.' दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कुणाची: 'आई मला बाई म्हणते आणि पगार कितीला ठरला ते विचारते.' मग: 'वडील रोज कपडे करून बसतात. त्यांची गाडी केव्हा आहे?' कुणी संदर्भ देत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. एकेक जण यायचा, एक ओळ ठेवायचा, जायचा. चर्चापान हे अनुभव सांगायची जागा नाही, असा नियम आहे. तेव्हा त्या ओळी काढून टाकणं माझं काम. मी काढत होते. सकाळी अंगण झाडावं तसं. प्रत्येक ओळ काढताना यंत्र विचारतं, कारण? मी लिहायची, 'विषयाला सोडून.' दुसऱ्या सकाळी अंगणात पुन्हा पानं पडलेली असायची.

त्यातच एकदा तर्फेच्या नावाने आलं: 'विनंती मागे घेत आहोत. वाक्य कृपया आहे तसेच राहू द्यावे.' ना आदरणीय, ना महोदय. मी वाचते आहे तोवर खाली दुसरं उमटलं: 'वरील मजकूर कंपनीतर्फे नव्हता. दुर्लक्ष करावे.' मी विचारलं, मग कुणातर्फे होता? त्याला उत्तर आलं नाही. आजवर आलेलं नाही. मला अधूनमधून वाटतं, त्या कंपनीच्या एखाद्या चकचकीत खोलीत बसणाऱ्या कुणाच्या तरी घरीही कुणीतरी दार वाजवून आत येत असेल.

शेवटी नियमकाकांनी निकाल दिला. रविवारी दुपारपर्यंत संदर्भ आला तर ठीक, नाही तर कंपनीचा शब्द घालून गाळणी यांनी प्रकरण मिटवावं. म्हणजे माझ्याच हाताने.

रविवारी नणंद जेवायला आली. ह्यांनी उठून तिला खुर्ची दिली आणि "बसा, ताई" म्हणाले. ती बसली, पण तिचा चेहरा पडला. धाकटी बहीण ती. मला बाजूला घेऊन म्हणाली, वहिनी, मी इतकी थोराड दिसायला लागले का गं? मी म्हटलं, छे, तो रंगच तुला शोभत नाही. इतक्या गंभीर प्रसंगी आम्ही दोघी साडीच्या रंगावर बोलत राहिलो. साडीच्या रंगावर फार वेळ बोलता येतं.

जेवणं झाली, वजनमापे कमरेला पट्टा बांधून खाली आले, आणि मी लॅपटॉप बाहेरच्या टेबलावर आणला. सगळी हकीगत सांगितली; अर्थात फक्त शब्दाची. हे समोर काठावर बसून नम्रपणे ऐकत होते, दुसऱ्याच्या घरचा वाद ऐकावा तसे. नणंद म्हणाली, सौजन्याने म्हटलं तर बिघडलं कुठे, सौजन्य काय वाईट असतं? वजनमापे म्हणाले, शब्द वजनाला हलका आहे पण मापात बसतो. बोलताना दोघंही ह्यांच्याकडे बघत नव्हते. मीही नव्हते. आम्ही तिघं इतक्या काळजीने त्या एका माणसाकडे न बघता बसलो होतो, की खोलीत त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

माझं बोट 'मान्य' या बटणावर होतं. दाबायचं बाकी होतं. मग मला वाटलं, या घरात शब्दाचा शेवटचा निकाल कधी माझ्याकडे नव्हताच. माझ्या प्रत्येक चिठ्ठीतली ऱ्हस्वदीर्घाची चूक ज्यांनी दुरुस्त केली, दुधाच्या हिशेबातलं 'लीटर' ज्यांनी मला पुन्हा लिहायला लावलं, ते समोर बसलेत.

"एक वाक्य बघता का जरा?" मी म्हटलं.

ह्यांनी चष्मा लावला. आणि एक झालं, ते मी विसरणार नाही: हे खुर्चीत मागे सरले आणि पाठ टेकून बसले. पडद्यावर त्यांना वाचवेना, म्हणून मी वर्तमानपत्राच्या समासात वाक्य उतरवून पेन्सिलीसकट पुढे ठेवलं. 'काही रुग्ण घरच्या माणसांशी परक्यासारखे वागतात.' त्यांनी ते ओठ हलवत एकदा वाचलं, मग उलट्या बाजूने, शब्द शब्द मागे येत, छापखान्यात वाचत तसं.

"यात एक शब्दयोगी जास्त आहे," ते म्हणाले.

"कुठला?"

"'सारखे'." त्यांनी त्यावर बारीक, सरळ रेघ मारली आणि समासात खोडल्याची खूण केली. "सारखं म्हणजे तसं नसून तसं दिसणं. मोत्यासारखं अक्षर म्हणजे मोती नव्हे. ज्याने कुणी लिहिलंय त्याला नीट कळलेलं नाही. हा माणूस परक्यासारखा वागत नाही. त्याला ही माणसं परकीच आहेत. वागतो तो घरच्यासारखा, जमेल तितकं. फार दमतो त्यात."

"दादा, चहा टाकू का मी?" नणंद घाईघाईने उठत म्हणाली.

ह्यांनी तिच्याकडे न बघता हात किंचित वर केला. पान पुरं होईपर्यंत कुणी मध्ये बोलू नये, म्हणून ते असा हात करत. पेन्सिल त्यांनी वाक्याशेजारी अगदी सरळ ठेवली. मग माझ्याकडे बघितलं, प्रेमळपणे, आणि थोडं घाबरून.

"तुम्ही रागावू नका," ते म्हणाले. "तुम्ही माझं फार करता, म्हणून इतके दिवस विचारवलं नाही. मी तुम्हाला ओळखत नाही."